फुकटात फिरणारे की फसलेले?

वाचकाचं पत्र:

ताई, २०१२ साली नाशिकमध्ये एका प्रदर्शनात आम्ही कुपन भरलं होतं. आठवड्याभरात फोन आला की तुमचा नंबर लागलाय, हॉटेलात जेवायला या, मात्र नवरा-बायको दोघांनी यायला हवं. गेलो, आणि निघताना पंचवीस वर्षांचं हॉलिडे क्लबचं सदस्यत्व घेऊन निघालो. दरवर्षी सात रात्री, २०३७ पर्यंत. तीन लाख वीस हजार रुपये हप्त्यांनी फेडले. वार्षिक फी वेगळी, ती आता जीएसटी धरून २१ हजार झाली आहे. सासूबाईंचं आजारपण आणि कोविड सोडला तर आम्ही जवळजवळ दरवर्षी जातो, आणि खरं सांगते, मजेत राहतो. सुरुवातीला ह्यांना इतका उत्साह होता की क्लबने मागितले तसे सगळ्या नातेवाइकांचे नंबरही देऊन टाकले होते.

आता मात्र घरच्या प्रत्येक कार्यात आमची चेष्टा होते. पुतण्याच्या साखरपुड्यात हॉटेल ठरवायची चर्चा चालली होती. नणंदेचे यजमान, म्हणजे भावोजी, भर पंगतीत म्हणाले, "ह्यांना नका विचारू, ह्यांनी पंचवीस वर्षांची हॉटेलं एका दुपारी घेतली." सगळे हसले. त्याच नणंदेचा चार दिवसांनी फोन, "मे महिन्यात मुलांना तीन दिवस पाठवायचंय, तुमची खोली दे ना, तुम्हाला फुकटच असते."

गेल्या दिवाळीनंतर आम्ही कूर्गला गेलो, तर ह्यांनी भावाला सांगितलं की ऑफिसच्या कामाने बंगळूरला चाललोय. मला ते फार लागलं. आम्ही खरंच इतके मूर्ख आहोत का? लोकांना काय सांगू? विकून टाकू का? फी एप्रिलमध्ये भरायची आहे.

एक वाचक, नाशिक

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ भावोजींची नाही, तुमच्या यजमानांची आहे. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या बायकोबरोबर फिरायला जाणारा माणूस सख्ख्या भावाला ऑफिसचं काम सांगतो. चेष्टा करणाऱ्यांचं काय करायचं ते पुढे बोलूच, पण मला आधी त्यांच्याविषयी बोलायचं आहे. मला वाटतं, त्यांना कूर्गला जाण्याची लाज वाटत नसावी. त्यांना २०१२ च्या त्या दुपारची लाज वाटते. हे दोन्ही एकात एक मिसळलं आहे, म्हणून सहलीचा विषय निघाला की त्यांना ते हॉटेलचं सभागृह आठवत असणार.

त्या सभागृहात काय होतं हे हसणाऱ्यांना माहीत नसतं, म्हणून सविस्तर लिहिते. दोघांनी मिळून यायची अट उगाच नसते. आपल्याकडे मोठ्या खर्चाला नाही म्हणायची सगळ्यात सभ्य रीत म्हणजे "घरी विचारून सांगतो." दोघं समोरासमोर बसवली की ते वाक्यच हातातून जातं. टेबलाशी बसलेला मुलगा पहिला तासभर विकायचं नावही काढत नाही. तुम्ही शेवटचं कधी फिरायला गेलात, किती खर्च झाला, मुलांना काय आवडतं, एवढंच विचारतो आणि तुमची उत्तरं कागदावर लिहीत जातो. मग तेच आकडे पंचवीस वर्षांनी गुणून, महागाई चढवून तुमच्यासमोर ठेवतो. मध्येच कुठल्या तरी टेबलावरून घोषणा होते, सगळे टाळ्या वाजवतात, कुणाचं तरी अभिनंदन होतं. तुम्ही उठायला लागलात की वरचा साहेब येतो आणि खास तुमच्यासाठी किंमत उतरवतो, पण ती फक्त आजपुरती. बाहेर मुलं कंटाळलेली असतात, जेवण अजून आलेलं नसतं. तीन-चार तासांनी माणूस निर्णय घेत नाही, सुटका करून घेतो. या टेबलांवर डॉक्टर बसतात, प्राध्यापक बसतात, बँकेत जन्म काढलेली माणसं बसतात, आणि त्यांतलेही सही करून उठतात.

टाइमशेअरची, म्हणजे अशा हॉलिडे क्लबांमागची, मूळ कल्पना वाईट नव्हती. १९६० च्या दशकात युरोपात, स्वित्झर्लंड आणि फ्रेंच आल्प्सच्या बाजूला ती सुरू झाली. सुट्टीतलं घर वर्षाला एखाद-दोन आठवडेच लागतं, मग ते अनेकांनी मिळून का घेऊ नये, असा साधा विचार होता. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, मंदीमुळे न खपलेले फ्लॅट बिल्डरांनी आठवड्या-आठवड्याने विकायला काढले आणि विकण्याची आक्रमक तऱ्हा या धंद्याला तिथून चिकटली. ती इतकी त्रासदायक ठरली की कायदे करावे लागले. फ्लोरिडात सही केल्यावर दहा दिवसांत करार रद्द करता येतो. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाने ग्राहकाला चौदा दिवस दिले आणि त्या दिवसांत विक्रेत्याला आगाऊ पैसे घ्यायलाच मनाई केली. शहाणी, हिशेबी माणसंसुद्धा त्या खोलीत सही करून बसतात आणि घरी आल्यावर भानावर येतात, हे सरकारांनी मान्य केल्याशिवाय असे कायदे होत नाहीत. भारतात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. नामांकित कंपन्यांच्या करारांत दहा दिवसांची मुदत असते, पण ती बारीक अक्षरांत. तेव्हा यजमानांना हे एवढं तरी वाचून दाखवा. मूर्खपणाचा प्रश्न इथेच संपतो.

आता लोक. आपल्या महाराष्ट्रात हॉलिडे क्लब म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठी का पडते, याला खास इथलं कारण आहे, आणि ते समजल्याशिवाय तुम्हाला तुमच्या माणसांचा राग आवरणार नाही. नव्वदच्या दशकात सागवानाची झाडं लावून मोठा परतावा देऊ म्हणणाऱ्या योजना आल्या आणि बुडाल्या. त्यानंतर मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज ही कंपनी आली. तिच्या योजनेत हॉटेलच्या रात्रींसाठी पैसे भरायचे, राहायला गेलात तर ठीक, नाही गेलात तर मुदतीअंती वाढीव रक्कम परत. नाव सुट्टीचं होतं, व्यवहार मात्र ठेवीचा. सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि अशा गुंतवणूक योजनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये कंपनीला लोकांकडून नवे पैसे घ्यायला मनाई केली आणि २०१६ मध्ये गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. रक्कम होती सुमारे ७ हजार कोटी रुपये, गुंतवणूकदार ५० लाखांहून अधिक. यातली कितीतरी माणसं मराठी मध्यमवर्गीय होती. एजंट कोण होते? शेजारचे काका, शाळेतले सर, मावशीचे दीर. घरोघरी, ओळखीवर हे विकलं गेलं. पैसे तर अडकलेच, पण नातीही तुटली. ज्या घराने हे बघितलं आहे, तिथे क्लब, रात्री, मेंबरशिप हे शब्द आजही नीट ऐकले जात नाहीत. तुमचं सदस्यत्व तसलं नाही. तुमच्या करारात पैसे वाढवून परत देण्याचं आश्वासन नाही (असेल तर मला लगेच लिहा), फक्त राहण्याचा हक्क आहे आणि तो तुम्ही वापरता आहात. पण बाहेरून बघणाऱ्याला हा फरक दिसत नाही. त्याला सगळं एकाच रंगाचं दिसतं.

आणि गंमत नव्हे, खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट ही की तीच माणसं तुम्हाला एकाच वेळी फसलेलं आणि सुखवस्तू समजतात. पंगतीत भावोजी म्हणतात, पैसे बुडवले. चार दिवसांनी नणंद म्हणते, फुकट असतं. दोघांनाही खरा आकडा माहीत नाही, कारण तुम्ही तो कधी सांगितला नाही. आपण पैशाच्या बाबतीत आकडा लपवतो आणि मग लोक आपापल्या सोयीने तो भरतात.

भावोजींबद्दल मात्र मी एका जागी थांबले. तुम्ही जाता जाता लिहिलंय की यजमानांनी सगळ्या नातेवाइकांचे नंबर क्लबला दिले होते. भावोजींचाही दिला असेलच. त्यानंतर काय झालं असेल याची कल्पना करा. महिनोन्‌महिने फोन, "तुमचं नाव तुमच्या मेहुण्यांनी सुचवलंय, तुमच्यासाठी गिफ्ट आहे, दोघांनी यायचं." कदाचित ते गेलेही असतील. कदाचित तीन तास बसून, नणंदेशी वाद घालून, हात हलवत परत आले असतील. हा माझा तर्क आहे, पण या सदराकडे टाइमशेअरवाल्या माणसांबद्दल येणाऱ्या तक्रारींत एक गोष्ट हमखास असते: घेतलं त्याचं काही नाही हो, पण आम्हाला का त्यात ओढलं? सदस्यांविषयी बाहेरच्यांच्या मनात जी अढी असते, ती त्यांच्या पैशाच्या निर्णयाबद्दल थोडी आणि अशा ओढून घेण्याबद्दल फार असते. आपल्या घरचा माणूस आपल्याला गिऱ्हाईक म्हणून बघतो की काय, ही शंका एकदा आली की ती टोमण्यांतूनच बाहेर पडते. यजमानांचा हेतू चांगला होता, त्यांना आवडलं म्हणून सगळ्यांना मिळावं असं वाटलं. भावोजींकडे मात्र पोचला तो फक्त फोन.

म्हणून पहिलं काम त्यांचं आहे, तुमचं नाही. कार्यात नको, चारचौघांत नको. त्यांनी भावोजींना एकट्यांना फोन करावा किंवा घरी जाऊन चहा घ्यावा आणि सरळ सांगावं: "तेव्हा तुमचा नंबर मी न विचारता दिला, तुम्हाला त्रास झाला असेल, ते माझं चुकलं." बाकी सदस्यत्वाचं समर्थन एका शब्दानेही करू नये. भावोजी लगेच विरघळतील असं मी म्हणत नाही. पण टोमण्यामागे हा जुना सल असेल तर तो निघेल, आणि नसेल तरी यजमानांच्या मनावरचं ओझं कमी होईल.

आता भावोजींचा मुद्दा, कारण तो टाळून चालणार नाही. पैशाच्या हिशेबात त्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. २०१२ साली बँकेत मुदत ठेवीवर नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं. तीन लाख वीस हजारांवर वर्षाला जवळपास २९ हजार झाले असते, मुद्दल शाबूत राहिलं असतं आणि फीचे पैसेही वाचले असते. तेवढ्यात दरवर्षी आठवडाभर चांगल्या हॉटेलात राहून आला असता. ही गुंतवणूक नव्हती. त्या सभागृहात कुणी तसं म्हटलं असेल तर ते खोटं होतं. हे तुम्ही दोघांनी एकदा मोकळेपणाने मान्य करा. ते मान्य न केल्यामुळेच प्रत्येक पंगतीत तुम्हाला वकिली करावी लागते, आणि आकड्यांची वकिली तुम्ही हरता.

भावोजींच्या हिशेबात एकच गोष्ट धरलेली नाही, ती म्हणजे तुमचं घर. ते तीन लाख खरंच बँकेत राहिले असते का? मुलांचे क्लास, घराचा हप्ता, सासूबाईंचं आजारपण, कुणाचं तरी लग्न. आपल्या घरांत फिरण्यासाठी ठेवलेला पैसा सगळ्यात आधी मोडला जातो, आणि बाईची सुट्टी तर त्याच्याही आधी. फी भरलेली आहे म्हणून रजा टाकली जाते, हे मी पुष्कळ घरांत बघितलं आहे. त्यासाठी तुम्ही जास्त किंमत मोजलीत. जास्त मोजलीत आणि आनंद घेतलात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. भावोजी पहिलीच बघतात, यजमान दुसरीच बोलायला जातात आणि अडकतात.

म्हणून लोकांना काय सांगायचं, तर फार थोडं. "हो, महाग पडलं आम्हाला. पण दरवर्षी फिरणं होतं." एवढंच, आणि विषय बदला. पुढे कुणी ताणलं तरी दुसरं वाक्य जोडू नका. समोरच्याला वाद हवा असतो, कबुलीशी वाद घालता येत नाही. आणि कृपा करून त्यांच्या विम्याच्या पॉलिसीचे, गावाबाहेरच्या प्लॉटचे हिशेब काढू नका. प्रत्येक घरात असा एक निर्णय असतो, पण तो पंगतीत उघडा पाडून तुमचा हलका होत नाही.

खोलीच्या मागणीचं उत्तर मात्र आकड्यात द्या. "वन्सं, फुकट नसतं गं, वर्षाची फी एकवीस हजार आहे, सात रात्रींची. म्हणजे एका रात्रीला तीन हजार, जेवण वेगळं." हे रागाने नाही, माहिती म्हणून सांगा. घरच्या सगळ्यांपर्यंत हा आकडा एकदा गेला की फुकटचा गैरसमज आपोआप मिटेल, आणि कदाचित श्रीमंतीचाही. त्यानंतर खोली द्यायची की नाही हे तुमच्या मनावर. द्यायची तर आधी करार बघा. पाहुण्यांना पाठवायला बहुतेक क्लब परवानगी देतात, काही वेगळं शुल्क लावतात, पण पैसे घेऊन खोली देणं सहसा चालत नाही. शिवाय तुमचा हंगाम कोणता ते पाहा. क्लब वर्षाचे हंगाम पाडतात, अनेक ठिकाणी त्यांना रंगांची नावं असतात, आणि खालच्या हंगामाच्या सदस्याला मे महिना किंवा दिवाळीचे दिवस मिळत नाहीत. तुम्ही दिवाळीनंतर कूर्गला गेलात, यावरून मला वाटतं मे तुमच्या हंगामात बसत नसावा. तसं असेल तर नणंदेला द्यायला तुमच्याकडे खोलीच नाही, आणि हे कारण खरं असल्यामुळे सांगायला सोपं आहे.

विकण्याबद्दल. भरलेले तीन लाख वीस हजार आता हिशेबात धरू नका, ठेवलं काय आणि सोडलं काय, ते परत येणार नाहीत. बघायचं ते फक्त पुढचं: वर्षाला एकवीस हजार देऊन तुम्हाला काय मिळतं? सातही रात्री वापरल्या तर रात्रीला तीन हजार. तुम्ही जाता त्या रिसॉर्टची तशीच खोली त्याच तारखांना बाहेरून कितीला पडते ते दोन-तीन ठिकाणी बघा. तीन हजारांपेक्षा बरीच महाग असेल आणि तुम्ही दरवर्षी जाणार असाल, तर ठेवा. वर्षाआड जाणार असाल तर तोच भाव सहा हजार होतो, मग फारसा अर्थ उरत नाही. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात का, हेही विचारा. तुम्ही जवळजवळ दरवर्षी जाता आणि मजेत राहता असं लिहिलंय, म्हणून माझं मत ठेवण्याकडे झुकतं. मात्र २०३७ पर्यंत तुमची वयं वाढतील, घाटाचा प्रवास जड होईल, तेव्हा हा हिशेब दर दोन-तीन वर्षांनी नव्याने करा. सोडायचं ठरलंच तर आधी कंपनीलाच लेखी विचारा की परत करण्याची किंवा दुसऱ्याच्या नावावर करण्याची तरतूद काय आहे आणि किती कापणार. फी भरणं नुसतं बंद करू नका, थकबाकी आणि व्याज चढत जातं. बाहेर या सदस्यत्वांना फारशी किंमत येत नाही, ही मनाची तयारी ठेवा.

आणि एक धोका फार महत्त्वाचा आहे. "तुमची मेंबरशिप चार लाखांना विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त प्रोसेसिंगचे आणि टॅक्सचे पैसे आधी भरा," असा फोन तुम्हाला कधीतरी येईल. कदाचित आलाही असेल. एक रुपयाही देऊ नका. एकदा फसलो असं मनात घेऊन बसलेल्या माणसालाच हे लोक शोधतात, कारण त्याला झालेली चूक भरून काढायची घाई असते. यजमानांच्या मनाची आत्ताची अवस्था बघता त्यांनी असा फोन तुमच्यापासून लपवून घेऊ नये, हे त्यांच्याशी आजच बोला. क्लबकडून करारातली सेवा मिळत नसेल, हक्काच्या हंगामात वारंवार खोली नाकारत असतील, तर तो वेगळा विषय. त्यासाठी फोनवर भांडू नका, ईमेल करा, नकाराची उत्तरं जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्हाला नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असलं तरी.

यजमानांना पुढच्या सहलीचं भावाला आधीच सांगू द्या. नुसतं नाव आणि तारखा, "आम्ही दोघं अमुक ठिकाणी चाललोय." पहिल्यांदा त्यांना जड जाईल. तुम्ही त्या वेळी शेजारी असलात तर बरं. भावाने चेष्टा केलीच तर वर दिलेलं वाक्य आहेच.

एप्रिलची फी भरण्याआधी बाहेरच्या दरांची ती चौकशी करून ठेवा, आणि नणंदेला मेचं उत्तर या आठवड्यातच कळवा. हो असो की नाही, तिलाही मुलांची दुसरी सोय बघायला वेळ हवा, आणि मे महिन्याची बुकिंग लवकर भरतात.